निर्धोक काडीची कहाणी

देव्हाऱ्यांतील समई लावतांना आपण काडी पेटीच्या कडेवर ओढतों. तीच काडी भिंतीवर ओढली तर सहसा पेटत नाहीं, याचें आपणांस कांहींच विशेष वाटत नाहीं. परंतु ही साधी सोय घरोघर रुजण्यास साठ-सत्तर वर्षें लागलीं, आणि तिच्यापायीं कित्येकांस प्राणांस मुकावें लागलें.

इंग्लंडांतील स्टॉकटन गांवचा औषधविक्रेता जॉन वॉकर यानें १८२७ सालीं घर्षणानें पेटणाऱ्या काड्या विकण्यास आरंभ केला. पुढें लवकरच काडीच्या गुलांत पांढरा फॉस्फरस घालण्याची चाल पडली. ही काडी कोठेंहि ओढली तरी पेटे. कधीं खिशांतल्या खिशांत घासूनच भडका उडे. एखाद्या लेंकरानें गुल चोखला, तर तें विषबाधेनें दगावण्याची भीति असे. कारखान्यांतील कामकऱ्यांचे हाल तर विचारूंच नयेत. फॉस्फरसच्या वाफेनें त्यांच्या जबड्याचें हाड कुजून जाई.

उपाय निघाला स्वीडनमध्यें. गुस्टाफ एरिक पाश यानें १८४४ सालीं ज्वालाग्राही द्रव्यांची फारकत केली. फॉस्फरस गुलांतून काढून तो पेटीच्या कडेस लावला; एकमेकांशीं घासल्यावांचून ठिणगी नाहीं. पुढें योंकोपिंगच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनीं बिनविषारी तांबडा फॉस्फरस वापरून ही काडी बाजारांत आणण्याजोगी केली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनांत तिला पदकहि मिळालें. घरच्या बाईला 'जपून वाग' असें बजावण्यापेक्षां वस्तूच जपून वागेल अशी घडविली, हें या युक्तीचें खरें मर्म.

कहाणी येथेंच संपावयास हवी होती; पण निर्धोक काडी महाग पडे आणि विषारी काडी स्वस्त मिळे. गिऱ्हाईक चार पैसे वांचवी, आणि त्यांची भरपाई कोणा अनोळखी कामकरणीचा जबडा करी. १८८८ सालीं लंडनमधील ब्रायंट अँड मे कारखान्यांतील मुलींनीं संप केला, तेव्हां कोठें सामान्य लोकांचें लक्ष तिकडे वेधलें. तरीहि तेथें पांढरा फॉस्फरस १९०१ पर्यंत चालूच राहिला. अखेर १९०६ च्या बर्न करारानें कांहीं यूरोपीय राष्ट्रांनीं त्यावर बंदी स्वीकारली, आणि १९१३ सालीं हिंदुस्थानांतहि तसा कायदा झाला.

वस्तु निर्धोक करण्याची युक्ति एखाद्या बुद्धिमंतास सुचते. ती पाळण्याचा निर्बंध मात्र समाजानें स्वतःवर घालून घ्यावा लागतो. या दोहोंमधील काळ जितका लांबेल, तितके बळी वाढतात.