बिशप कोलेन्सोचा हिशेब



बोअर युद्धात गांधीजींनी हिंदी लोकांचे शुश्रूषापथक उभारले होते, ही गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. १८९९ च्या डिसेंबरात या पथकाने ज्या लढाईत जखमींच्या डोल्या वाहिल्या, ती नाताळ प्रांतातील कोलेन्सो या गावी झाली. गावाला हे नाव एका इंग्रज बिशपवरून पडले. आजचे व्याख्यान त्या जॉन विल्यम कोलेन्सोविषयी, आणि स्वतःच्याच धर्मबंधूंशी त्याचा जो कडवट पत्रव्यवहार झाला त्याविषयी आहे. मी धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. परंतु नेमणूक कोणाच्या हाती, पगार कोणी रोखावा, आणि पगार घेणाऱ्याने आपले मत छापावे की नाही, हे प्रश्न आमच्या नित्य परिचयाचे आहेत. या प्रकरणात तेच प्रश्न धर्माचा झगा घालून उभे राहिलेले दिसतात.

कोलेन्सो १८१४ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात जन्मला. बापाचा पैसा खाणीच्या धंद्यात बुडाला होता. मुलाने शिक्षकी करीत करीत केंब्रिज गाठले आणि १८३६ साली गणिताच्या परीक्षेत दुसरा क्रमांक मिळवला. पुढे त्याने लिहिलेली अंकगणिताची व बीजगणिताची पुस्तके इंग्लंडच्या शाळांतून घरोघर पोचली. १८५३ साली केपटाऊनचा बिशप रॉबर्ट ग्रे याने नव्या नाताळ प्रांताच्या बिशपपदासाठी त्याची निवड केली. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढे त्याला पदच्युत करणाराही हाच ग्रे.

त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट घडली. फ्रेडरिक डेनिसन मॉरिस हा कोलेन्सोचा मित्र लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक होता. पापी माणसाला अनंतकाळ नरकयातना भोगाव्याच लागतात, या मताविषयी त्याने शंका छापली, म्हणून कॉलेजाने त्याला काढून टाकले. पुढच्याच वर्षी याच मॉरिसने लंडनमध्ये कामगारांसाठी कॉलेज काढले. कामगार शिक्षणाच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते. मॉरिसवर चोहोकडून टीका होत असताना कोलेन्सोने आपला प्रवचनसंग्रह त्याला अर्पण केला. त्यामुळे सनातन्यांची वृत्तपत्रे खुद्द कोलेन्सोवर तुटून पडली. होऊ घातलेले बिशपपद पणाला लावून त्याने मित्राची बाजू घेतली होती.

नाताळात गेल्यावर तो झुलू भाषा शिकला. तिचे व्याकरण लिहिले, शब्दकोश केला, आणि पीटरमारित्झबर्गजवळच्या आपल्या मिशनमध्ये छापखाना काढून झुलू मुलांना खिळे जुळवायला शिकवले. ज्याला दोन-तीन बायका आहेत अशा झुलूला बाप्तिस्म्यापूर्वी एक ठेवून बाकीच्या टाकून द्यायला लावू नये, असे त्याने जाहीरपणे लिहिले. टाकलेल्या बायकांनी जावे कोठे, असा त्याचा साधा सवाल होता. सनातन्यांचा रोष येथूनच वाढू लागला.

बायबलच्या भाषांतरात विल्यम न्गिदी हा झुलू सहकारी त्याला मदत करीत असे. जलप्रलयाची कथा चालू असता न्गिदीने विचारले की, हे सारे खरोखर घडले असे तुम्ही मानता काय? दोन-दोन जनावरे नोहाच्या तारवात शिरली, मग त्यांच्या खाण्यापिण्याचे काय? समोर इंग्रज श्रोता असता तर एखादे ठरीव उत्तर देऊन कोलेन्सो सुटला असता. परंतु जो माणूस विश्वासाने विचारतो आहे त्याच्याशी ईश्वराच्या नावाने खोटे बोलणे त्याच्या जिवावर आले. तो हिशेबाला बसला.

मोशेच्या पुस्तकांप्रमाणे मिसर देशातून सहा लाख लढवय्ये पुरुष निघाले. म्हणजे बायकामुले धरून वीस लाखांवर माणसे झाली. त्यांच्यासाठी याजक तीन. मूल जन्मले की पारवा अर्पण करायचा आणि तो याजकाने खायचा, असा नियम. एवढ्या लोकसंख्येत रोजच्या जन्मांचा हिशेब धरला, तर प्रत्येक याजकाला दररोज ८८ पारवे खावे लागतील! तेव्हा हे आकडे इतिहास म्हणून टिकत नाहीत, मात्र ईश्वराचा आवाज माणसाच्या सदसद्विवेकात उमटतो आणि त्याला आकड्यांच्या टेकूची गरज नाही, असे त्याचे म्हणणे. या ग्रंथाचा पहिला भाग १८६२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

मग पत्रे सुरू झाली. ग्रेने त्याच्या आधीच्याच एका पुस्तकावरून विनवण्या केल्या होत्या. आता सूर बदलला. १८६३ च्या आरंभी बिशपांनी एकत्र येऊन त्याला पत्र लिहिले: शास्त्रावर श्रद्धा असल्याची शपथ घेऊन तुम्ही हे पद स्वीकारलेत, ती श्रद्धा उरली नसेल तर राजीनामा द्या. कोलेन्सोने नकार दिला. परंतु सर्वांत दुःखद वाद मॉरिसशी झाला. मॉरिसला हे पुस्तक असह्य झाले. तू बिशपपद सोडशील असे मला वाटले होते, असे तो म्हणाला. तेव्हा, तुम्हीही आपले पद सोडावे असे म्हणणारे पुष्कळ आहेत, असे उत्तर मिळाले. मॉरिसने खरोखरच राजीनाम्याची तयारी केली होती, पण तो मागे घेतला. मैत्री मात्र तुटली. मताकरिता ज्याची नोकरी गेली होती, त्यालाच मित्राचे मत सोसवले नाही.

येथे दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. ग्रे हा काही दुष्ट माणूस नव्हता. संघटनेचा चिटणीस संघटनेच्याच ठरावाविरुद्ध रोज पत्रके काढू लागला तर सभासद काय म्हणतील? ग्रेचा प्रश्न याच जातीचा होता, आणि तो पोकळ नव्हता. परंतु अशा प्रश्नाचा निकाल कोणी व कोणत्या नियमाने द्यायचा, येथे खरी मेख आहे. ग्रेने केपटाऊनला स्वतःच न्यायासन मांडले, आरोपीच्या गैरहजेरीत त्याला दोषी ठरवले आणि १८६३ च्या अखेरीस पदच्युतीचा निकाल दिला. १८६५ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, ग्रेला तो अधिकारच नव्हता. तेव्हा पगाराची नाडी आवळली गेली. वसाहतींतील बिशपांच्या निधीच्या विश्वस्तांनी वेतन रोखले. त्यांत ग्लॅडस्टनही होता. कोलेन्सो पुन्हा न्यायालयात गेला, आणि १८६६ साली न्यायमूर्ती रोमिली यांनी वेतन दिलेच पाहिजे असा निकाल दिला. त्याच वर्षाच्या आरंभी ग्रेने त्याच्यावर धर्मबहिष्कार पुकारला होता. १८६९ साली त्याच गावात दुसरा बिशप आणून बसवण्यात आला.

या भांडणात नाताळचे बहुतेक गोरे वसाहतवाले कोलेन्सोच्या पाठीशी होते. केपटाऊनची हुकमत त्यांना नको होती. पण १८७३ साल उजाडले. ह्लुबी जमातीचे तरुण हिऱ्यांच्या खाणींत मजुरी करून त्या पैशाच्या बंदुका घेऊन येत. त्यांची नोंद करण्यावरून सरकारचे व त्यांचा नायक लांगालिबालेले याचे बिनसले. तो पळाला, चकमक झाली, तीन गोरे शिपाई पडले. जमातीची जमीन गेली आणि कित्येकांना गोऱ्यांच्या शेतांवर मजुरीला बांधण्यात आले. लांगालिबालेलेवरील खटल्यात गव्हर्नर पाइन हाच न्यायाधीश झाला. आरोपीला वकील नव्हता. त्याला रॉबेन बेटावर पाठवण्यात आले.

कोलेन्सोने बायबलच्या आकड्यांना लावलेली कसोटीच आता सरकारी कागदांना लावली. साक्षी ताडून पाहिल्या, विसंगती छापल्या, आणि १८७४ साली तो थेट लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटला. पाइनला परत बोलावण्यात आले. परंतु सरकारी अधिकारी शेपस्टन याच्याशी असलेली कोलेन्सोची जुनी मैत्री संपली, आणि कालपर्यंत जयजयकार करणारे वसाहतवाले एका रात्रीत विरोधक झाले. १८७९ च्या जानेवारीत इसांडल्वाना येथे झुलूंनी इंग्रज फौजेचा धुव्वा उडवला. सगळीकडे सूडाची भाषा चालू असता, आपण झुलूंशी न्यायाने वागलो काय, हा प्रश्न त्याने व्यासपीठावरून विचारला. २० जून १८८३ रोजी तो वारला. झुलू लोक त्याला ‘सोबान्तु’, म्हणजे लोकांचा पिता, म्हणत.

या इतिहासातून मला दिसते ते असे. शास्त्रातील एका आकड्याला धक्का लागला तर श्रद्धा आणि नीती दोन्ही ढासळतील, अशी सनातन्यांची भीती होती. कोलेन्सोच्या आयुष्याने तिला उत्तर दिले: जो देवळातला हिशेब झाकायला तयार झाला नाही, तोच कचेरीतला हिशेब उघडा करायला धजला. पत्राला पत्राने व ग्रंथाला ग्रंथाने उत्तर द्यावे. ते कितीही कठोर असो, त्याने विचार पुढेच जातो. पगार रोखणे हे मात्र कोणत्याही मताचे खंडन नव्हे. मग तो पगार गिरणीतला असो की देवळातला.

कोलेन्सोच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांत मागेमा फुझे नावाचा एक झुलू मुलगा होता. १९२२ साली त्याने आपल्या लोकांचा इतिहास स्वतः लिहून प्रसिद्ध केला. झुलू माणसाने झुलू भाषेत लिहिलेला तो पहिला मोठा ग्रंथ मानला जातो. बिशपांचे ठराव आणि बहिष्काराची पत्रे आज अभ्यासकांशिवाय कोणी वाचत नाही. कामगाराच्या हाती अक्षर आले, ही त्या कलहातून उरलेली शिल्लक मला फार मोलाची वाटते.