पापणीने सांगितलेले पुस्तक

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचे बेर्क हे एकोणिसाव्या शतकापासून रुग्णालयांचे गाव आहे. हाडांच्या क्षयाने पिडलेल्या पॅरिसच्या गरीब मुलांना समुद्राची हवा मानवते, असे दिसून आल्यावर येथे मोठे सागरी रुग्णालय बांधले गेले. १८६९ मध्ये सम्राज्ञी युजेनीने त्याचे उद्घाटन केले. पुढे क्षयावर औषधे निघाली आणि तिथे पक्षाघाताचे, अपघाताने पंगू झालेले रुग्ण येऊ लागले. याच रुग्णालयातल्या ११९ क्रमांकाच्या खोलीत १९९६ च्या उन्हाळ्यात ज्याँ-दोमिनिक बोबी यांनी आपले पुस्तक सांगितले.

बोबी ‘एल’ या फ्रेंच साप्ताहिकाचे मुख्य संपादक होते. ८ डिसेंबर १९९५ रोजी मेंदूच्या देठाला झटका आला, तेव्हा त्यांचे वय ४३ होते. सुमारे तीन आठवड्यांनी शुद्ध आली, ती जवळजवळ पूर्ण लुळ्या पडलेल्या शरीरात. वाचा गेलेली, उजव्या डोळ्याला इजा होऊ नये म्हणून त्याची पापणी शिवलेली. बुद्धी आणि स्मृती मात्र शाबूत. या अवस्थेला ‘लॉक्ड-इन सिंड्रोम’ हे नाव १९६६ मध्ये मिळाले, पण तिचे चित्रण त्याआधी सुमारे एकशेवीस वर्षे अलेक्झांडर ड्यूमा यांनी केले होते. ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’मधला वृद्ध न्वार्तिए केवळ डोळ्यांनी बोलतो; नात मुळाक्षरे म्हणते, शब्दकोशावरून बोट फिरवते आणि तो इशारा करतो. याच कादंबरीला आधुनिक रूप देण्याचे बोबी यांच्या मनात आजारापूर्वी होते, हा योग चटका लावणारा आहे.

बोबी यांची पद्धत न्वार्तिएच्या पद्धतीची सुधारलेली आवृत्ती म्हणावी लागेल. फ्रेंचमध्ये अधिक वेळा येणारी अक्षरे आधी घेतली होती: ई, एस, ए, आर, आय, एन, टी... समोरची व्यक्ती ही माळ वाचत जाई, हवे ते अक्षर आले की डावी पापणी मिटे. ‘मेर’ म्हणजे समुद्र. या तीन अक्षरी शब्दासाठी नेहमीच्या क्रमाने छत्तीस अक्षरे वाचावी लागतात, या क्रमाने सोळा. तरीही पुस्तक पुरे व्हायला पापणी सुमारे दोन लाख वेळा मिटावी लागली, असे सांगितले जाते.

खरे लेखन मात्र त्याआधीच झालेले असे. पुस्तक लिहून घेणाऱ्या क्लोद माँदिबिल येण्यापूर्वी बोबी परिच्छेद मनात रचत, घासूनपुसून पाठ करत. खोडायला कागद नव्हता, म्हणून शब्द आधीच पारखलेला असे. पुस्तकातली वाक्ये नेमकी आणि आटोपशीर आहेत, ती यामुळेच. माँदिबिल यांचा वाटाही लहान नाही. एकेका अक्षरासाठी थांबणारा असा लेखनिक नसता, तर तो मजकूर मनातच राहिला असता.

पुस्तकाच्या फ्रेंच शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘पाणबुड्याचा पोशाख आणि फुलपाखरू’ असा होतो. शरीर म्हणजे तो जड पोशाख, मन म्हणजे फुलपाखरू. पुस्तक मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोन-तीन दिवसांतच, ९ मार्चला, न्यूमोनियाने बोबी यांचे निधन झाले. अशा रुग्णांसाठी त्यांनी उभी केलेली ‘आलिस’ ही संस्था त्यांच्या पश्चातही फ्रान्समध्ये काम करत राहिली.