प्रस्तावना : घरी बांधायचा ॲम्प्लिफायर

रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजमधून बाहेर येणारा विद्युतदाब जेमतेम 5 मिलिव्होल्ट असतो. 8 ओहमच्या स्पीकरला 10 वॅट द्यायचे तर तोच दाब जवळजवळ 9 व्होल्टपर्यंत न्यावा लागतो, म्हणजे सुमारे 1800 पट. आकडा पाहून नवख्याने बिचकू नये. नुसतं वाढवणं ही या विद्येतली सगळ्यांत सोपी गोष्ट. बाजारात सहज मिळणाऱ्या दोन आयसी ते काम करतात. कस लागतो तो वाढवताना पदरचं काही न मिसळण्यात. ॲम्प्लिफायरच्या रचनेचा बहुतेक इतिहास या एकाच अडचणीभोवती फिरतो आणि या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने याच वाटेने आत यावं, असं माझं मत आहे.

या अडचणीवर पहिला मोठा तोडगा निघाला तो टेलिफोनसाठी, संगीतासाठी नव्हे. लांब पल्ल्याच्या लाइनवर एकामागून एक ॲम्प्लिफायर जोडावे लागत आणि प्रत्येकाची विकृती पुढे साठत जाई. बेल लॅबोरेटरीजमधला इंजिनिअर हॅरॉल्ड ब्लॅक 2 ऑगस्ट 1927 च्या सकाळी हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर निघाला असताना त्याला उपाय सुचला आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्याने तो मांडला. हवी त्याहून कितीतरी जास्त वाढ करायची, मग बाहेर आलेल्या सिग्नलचा काही भाग उलटा करून पुन्हा आत द्यायचा. वाढ घटते, पण तितक्याच पटीने विकृतीही घटते. कमावलेलं मुद्दाम सोडून देण्याची ही कल्पना तेव्हा इतकी उफराटी वाटली, की अमेरिकी पेटंट मिळायला 1937 साल उजाडलं. निगेटिव्ह फीडबॅक तो हाच.

हौशी मंडळींच्या हातात तो खऱ्या अर्थाने आला 1947 मध्ये. 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकाने एप्रिल आणि मेच्या अंकांत डी. टी. एन. विल्यम्सनचा आराखडा छापला: केटी66 व्हॉल्व्हची जोडी, 15 वॅट, विकृती 0.1 टक्क्याच्या घरात. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी कशी करायची इथपर्यंतचा तपशील त्यात होता. एप्रिल 1969 मध्ये त्याच मासिकात जॉन लिन्स्ली हूडने चार ट्रान्झिस्टरांचा 10 वॅटचा 'क्लास ए' ॲम्प्लिफायर दिला आणि तुलनेला घेतला तो थेट विल्यम्सनचा. गाणं वाजो न वाजो, हा ॲम्प्लिफायर 30 वॅटच्या आसपास वीज सतत खातो आणि तव्यासारखा तापतो. कारण असं, की साध्या रचनेत लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा दुसरा. सिलिकॉन ट्रान्झिस्टर चालू व्हायला सुमारे 0.6 व्होल्ट लागतात. योग्य बायस दिला नाही, तर शून्यापाशी हातबदल होताना लाट तुटते. मोठ्या आवाजात ते खपून जातं. विरत जाणाऱ्या स्वरात मात्र खरखर कानाला टोचते. लिन्स्ली हूडने ट्रान्झिस्टर बंद पडूच दिला नाही, म्हणून ती उष्णता.

व्हॉल्व्ह गोड की ट्रान्झिस्टर, या वादात मी शिरत नाही. दोन्हींत उत्तम आणि भिकार असे दोन्ही नमुने ऐकायला मिळतात. सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरींबद्दल तर न बोललेलंच बरं.

बोलायला हवं ते पॉवर सप्लायबद्दल. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ब्रिज रेक्टिफायरनंतर तिचा 100 हर्ट्झचा चढउतार होतो. 4700 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून 1 अँपिअर ओढला, तर दर ठोक्याला दाब सुमारे 2 व्होल्टने खाली येतो. ती तूट भरून काढणारा प्रवाह संथ नसतो. क्षणभरच, पण काही अँपिअरच्या झटक्यांनी येतो. 10 सेंटिमीटर बारीक तारेचा रोध 3 मिलिओहम धरा. 5 अँपिअरचा झटका गेला, की तिच्या दोन टोकांत 15 मिलिव्होल्टचा फरक पडतो. इनपुटची अर्थ याच तारेला जोडली असेल, तर ॲम्प्लिफायर तो फरक गाणं समजून 20 पट वाढवतो. भारी ट्रान्सफॉर्मर आणून हा घुमारा जात नाही. प्रत्येक अर्थ स्वतंत्र तारेने एकाच बिंदूवर आणली, की जातो.

आपलं संगीत ऐकणाऱ्याला तो जास्त का छळतो, तेही पाहा. काळी एकच्या पट्टीतला पुरुष गायकाचा षड्ज साधारण 138.6 हर्ट्झ. तंबोऱ्याची पंचमाची तार त्याच्या पाऊणपट, म्हणजे 104 च्या आसपास. ॲम्प्लिफायरचा 100 हर्ट्झचा सूर तिच्या अगदी अंगाला लागून उभा राहतो. दोन्ही मिसळून सेकंदाला चारएक आंदोलनं उठतात आणि सुरेल लावलेला तंबोरा उतरल्यासारखा वाटतो. ड्रमच्या गदारोळात हा दोष लपला असता.

जुन्या तबकड्या वाजवणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावं. एलपीवर बास दाबून आणि ट्रेबल चढवून कोरलेलं असतं. प्रीॲम्प्लिफायर 1954 च्या आरआयएए प्रमाणाने ते उलटं करतो. बालगंधर्व किंवा अब्दुल करीम खाँ यांच्या 78 च्या तबकड्या त्याआधीच्या. बास कुठून दाबायचा हे तेव्हा कंपनीगणिक आणि काळागणिक वेगळं, बहुधा 250 ते 500 हर्ट्झच्या दरम्यान. एलपीच्या प्रीॲम्प्लिफायरवर त्या दबक्या वाजतात आणि दोष बिचाऱ्या गायकाच्या माथी जातो. त्यांना सुईही जाड लागते.

सुरुवात लहान करा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एलएम1875 ही आयसी, 12-0-12 चा 2 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, दोन कंडेन्सर आणि हीटसिंक मागा. एका स्पीकरपुरते 10 वॅट घराला पुरतात. आयसीची धातूची पाठ आतून ऋण सप्लायला जोडलेली असते, म्हणून हीटसिंकवर बसवताना मध्ये अभ्रकाची चकती विसरू नका. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये 300-400 व्होल्ट खेळत असतात. हात बसेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका. पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या फेजमध्ये 60 वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घाला. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. पेटून राहिला, तर प्लग काढा आणि शॉर्ट शोधा. मग मल्टिमीटरने आउटपुटवरचा डीसी मोजा. तो 50 मिलिव्होल्टच्या आत असेल, तरच स्पीकर जोडा.