प्रसिद्धी आणि देखरेख : स्लोव्हाकियातील शासकीय करारांचा एक अध्याय

स्लोव्हाकियाच्या बांधकाम व प्रादेशिक विकास मंत्रालयाने इ. स. 2007 मध्ये एका मोठ्या कंत्राटासाठी निविदा मागविल्या. युरोपीय संघाच्या निधीशी निगडित सेवा पुरविण्याचे हे काम असून त्याची किंमत सुमारे 12 कोटी युरोंच्या घरात जात होती. सूचना प्रसिद्ध केल्याचे कागदोपत्री दाखविता येण्याजोगे होते. पण ती लागली मंत्रालयाच्याच इमारतीतील एका सूचनाफलकावर, जेथे बाहेरच्या माणसास सहजासहजी प्रवेश नव्हता, आणि तीही अवघे पाच दिवस. निविदा एकाच गटाची आली. ‘सूचनाफलकाची निविदा’ या नावाने हे प्रकरण पुढे सर्वतोमुखी झाले. मंत्री मारियान यानुशेक यांना 2009 मध्ये पद सोडावे लागले, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची व त्यांच्यानंतरचे मंत्री इगोर श्तेफानोव यांची तुरुंगवासाची शिक्षा कायम केली.

या प्रकरणाचे मर्म लाचलुचपतीपेक्षा ‘प्रसिद्ध करणे’ या शब्दाच्या अर्थात आहे. मराठीतील ‘जाहीर’ हा अरबी मूळाचा शब्द ‘दिसणारे, उघड’ असा अर्थ सांगतो. म्हणजे पाहणारा कोणीतरी त्यात गृहीतच असतो. मंत्रालयाच्या फलकाने नेमका तो पाहणाराच वगळला होता. वस्तुतः माहिती मिळविण्याचा अधिकार स्लोव्हाक नागरिकांस 2000 च्या कायद्याने प्राप्त झालेला होता. परंतु तो मागणाऱ्याचा अधिकार होता. आणि जे अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, ते मागावे कोणी?

इव्हेता रादिचोवा यांच्या सरकारने केलेली दुरुस्ती 1 जानेवारी 2011 पासून अंमलात आली, व तिने हा क्रमच उलटा केला. शासकीय करार प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो अंमलात येईल, आणि तीन महिन्यांत तो प्रसिद्ध झालाच नाही तर तो कधी झालाच नव्हता असे समजले जाईल, अशी ही तरतूद होती. तिचा कठोरपणा ध्यानात घेण्याजोगा आहे. दंडाच्या भीतीने अधिकाऱ्यास बांधण्याऐवजी तिने कंत्राटदाराचा स्वार्थच प्रसिद्धीशी जोडला. कारण प्रसिद्धीवाचून कराराचा अंमल नाही, आणि अंमलावाचून पैसा नाही. सरकारी खात्यांच्या करारांसाठी मध्यवर्ती नोंदवही संकेतस्थळावर उघडण्यात आली. 2012 मध्ये सत्तेवर आलेल्या विरोधी पक्षाच्या सरकारनेही हा कायदा मोडीत काढला नाही.

तथापि कागद उघडा असणे आणि तो वाचला जाणे या दोन भिन्न गोष्टी होत. पुष्कळ करार छायाचित्रांच्या रूपात चढविलेले असत. त्यांत शब्द शोधणे अशक्यप्राय होई. शासकीय कंपन्यांच्या नित्य व्यवहारातील करारांस सूट होती, हीही एक मोठी फट. या पसाऱ्यात वाट काढण्यासाठी ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलची स्लोव्हाक शाखा आणि फेअर-प्ले अलायन्स या संस्थांनी ‘उघडे करार’ अशा अर्थाच्या नावाचे स्वतंत्र संकेतस्थळ उभारले. देखरेखीचा खरा भार शासनाबाहेरील अशा मूठभर चिकाटीच्या वाचकांवर पडला, असेच म्हणावे लागते. 2014 मध्ये पिएश्त्यानी येथील रुग्णालयाने सीटी स्कॅन यंत्रासाठी मोजावयाची किंमत शेजारच्या चेक प्रजासत्ताकातील किमतींशी ताडून पाहण्यात आली, तेव्हा केवढी खळबळ उडाली! ती खरेदी रद्द झाली. आरोग्यमंत्री आणि संसदेचे अध्यक्ष पाव्होल पाश्का या दोघांनाही पदे सोडावी लागली.

असे वाचन किती जोखमीचे ठरू शकते, हेही लवकरच दिसून आले. पत्रकार यान कुत्सियाक हे सार्वजनिक नोंदी चाळून कंपन्यांची मालकी, करचुकवेगिरी आणि युरोपीय अनुदानांचे धागे जुळवीत असत. फेब्रुवारी 2018 मध्ये त्यांचा व त्यांच्या वाग्दत्त वधू मार्टिना कुश्नीरोवा यांचा त्यांच्या घरात गोळ्या घालून खून करण्यात आला. देशभर निदर्शने झाली, आणि मार्चमध्ये पंतप्रधान रॉबर्ट फित्सो यांनी राजीनामा दिला.

ग्रामपंचायती व नगरपालिका आपले करार तोपर्यंत आपापल्या संकेतस्थळांवर, म्हणजे पुन्हा आपापल्या फलकांवरच, लावू शकत होत्या. 2022 पासून त्यांनाही ते मध्यवर्ती नोंदवहीत द्यावे लागतात.