खाडीचे मीठ आणि मेंदूतळीची ग्रंथी

पावणे हे नाव आज औद्योगिक वसाहतीमुळे सर्वतोमुखी झाले असले, तरी ठाण्याच्या खाडीचा हा पूर्व किनारा भातशेती, मासेमारी आणि मिठागरे यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगला. आणि भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत कोंडून आगरी कष्टकऱ्यांनी उन्हात पिकवलेल्या मिठावर सरकारी अंमलदारांची नजर इतकी करडी होती की, 1890 साली मुंबई इलाख्यासाठी मिठाचा स्वतंत्र कायदाच झाला. मात्र त्या मिठातील एक उणीव महसुलाच्या कोणत्याही दप्तरात नोंदली गेली नाही. समुद्राच्या पाण्यातील आयोडीन मीठ खडे धरू लागले की उरलेल्या पाण्याबरोबर निघून जाते. किनाऱ्यावरच्या माणसाला ते मासळीतून मिळे. लमाणांच्या तांड्यांबरोबर घाट चढून गेलेल्या मिठात ते जवळजवळ नसेच.

आयोडीनवाचून गळ्यातील अवटु (थायरॉइड) ग्रंथीला आपले संप्रेरक निर्माण करता येत नाही. या तुटवड्याची पहिली वार्ता मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीला लागते, हे मानवाला मुक्या प्राण्यांनी शिकवले. 1889 साली रोगोविच या संशोधकाने सशांची अवटु ग्रंथी काढून टाकली, तेव्हा त्यांची पीयूषिका वाढलेली आढळली. पुढे उंदरांवरील प्रयोगांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते असे: अवटूला चेतवणारा स्राव निर्माण करणाऱ्या पेशी संख्येने वाढतात, फुगतात, त्यांच्या अंतर्भागात स्रावाने भरलेल्या पोकळ्या पडतात, उलट वाढीच्या संप्रेरकाच्या पेशींतील कण विरळ होत जातात. अवटूचे थायरॉक्सिन हे संप्रेरक टोचले की या पेशी पुन्हा पूर्वपदावर येऊ लागतात. तुटवडा टिकला, तर पीयूषिका सतत हुकूम सोडीत राहते आणि आयोडीनवाचून हतबल झालेली अवटु ग्रंथी केवळ आकाराने वाढते. गलगंड तो हाच. त्यास पूर्वजन्मीचे पाप मानणाऱ्या समाजाला हे ज्ञान वेळेवर पोहोचले असते, तर आयोडीनच्याच अभावाने येणारे किती मुलांचे बुद्धिमांद्य टळले असते!

1956 पासून वैद्यकीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातील कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीनयुक्त, तर एका भागाला साधे मीठ पुरवून गलगंडावरील उपाय सिद्ध केला, आणि 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. ज्या औद्योगिक विकास महामंडळाने पुढे पावण्याच्या परिसरात कारखाने वसवले, तेही त्याच वर्षी स्थापन झाले. मे 2006 पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर मनाई आहे, आणि ग्राहकाच्या हाती पडताना मिठात किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असलेच पाहिजे.