चिठ्ठ्याचपाट्यांतले फुस्तात

मध्ययुगीन शहराचा अभ्यास आपण बहुधा तटबंदीपासून सुरू करतो. शहर कोणी वसवले, कोणी जिंकले, केव्हा जळाले. फुस्तातच्या बाबतीत ही माहिती चार ओळींत आटोपते. इ. स. 641-42च्या सुमारास अम्र इब्न अल-आस याने नाईलच्या पूर्व तीरावर हे शहर वसवले. 969मध्ये फातिमींनी त्याच्या उत्तरेस अल-काहिरा, म्हणजे कैरो, हे आपले राजनगर उभारले. 1168मध्ये क्रुसेडरांच्या हाती लागू नये म्हणून वजीर शावर याने फुस्तातला आग लावविली आणि ते 54 दिवस जळत होते, असे मक्रीझी सांगतो. आमच्या टिपणवह्यांतले फुस्तात इथेच संपले होते. इतिहासाचे आम्ही पाच विद्यार्थी नंतर वर्षभर केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातील टेलर-शेक्टर संग्रह वाचत बसलो (अर्थात संगणकाच्या पडद्यावर, केंब्रिज आम्ही पाहिलेले नाही), तेव्हा ते पुन्हा सुरू झाले.

हा संग्रह कोणी जाणीवपूर्वक जमवलेला नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. देवाचे नाव असलेला मजकूर नष्ट करायचा नाही, असा ज्यूधर्मीयांचा दंडक आहे. असे जीर्ण कागद दफन करेपर्यंत ज्या कोठडीत ठेवतात तिला गेनिझा म्हणतात. फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये शतकानुशतके सरसकट सगळेच कागद कोठडीत पडत गेले: प्रार्थनापुस्तकांची पाने, काडीमोडाची पत्रे, उधारीच्या याद्या, मुलांना अक्षरे गिरवायला दिलेले रंगीत कित्ते. 1896मध्ये ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी पूर्वेकडून आणलेल्या पानांत सॉलोमन शेक्टर यांनी बेन सीराच्या ग्रंथाचे हिब्रू पान ओळखले. त्याच वर्षअखेरीस, चार्ल्स टेलर यांच्या साहाय्याने, ते कैरोला गेले आणि सुमारे 1,93,000 तुकडे केंब्रिजला घेऊन आले.

पण शेक्टरांना हवे होते ते ग्रंथ. बायबल, तालमूद, जुनी प्रार्थनाकाव्ये यांना आधी मान मिळाला. क्षुल्लक ठरलेले हजारो तुकडे पेट्यांतच पडून राहिले. 1950च्या दशकात श. दो. गॉयटाइन यांनी त्या पेट्यांकडे लक्ष वेधले आणि पुढे भूमध्य समुद्राकाठच्या समाजावरचा आपला पाच खंडांचा ग्रंथ अशाच कागदांच्या आधारे सिद्ध केला. साहित्याच्या अभ्यासकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी असे आम्हांला वाटते. एकाच कोठडीतल्या एकाच ढिगाऱ्यातून कोणता कागद 'वाङ्मय' आणि कोणता 'रद्दी', हे ठरवताना ग्रंथालयानेही एक शहर रचले होते. ते पंडितांचे होते, बाजाराचे नव्हते.

यांतील बहुतेक व्यवहारपत्रांची भाषा अरबी आणि लिपी हिब्रू आहे. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. आपले दफ्तर मोडीत आहे, आणि फादर स्टीफन्सचे मराठी पुराण 1616मध्ये रोमन लिपीत छापले गेले. आम्ही मुख्यतः इंग्रजी भाषांतरांवर विसंबलो. आमच्यातल्या एकीने मात्र हट्टाने हिब्रू अक्षरे शिकून घेतली.

कागदांतून शहर दिसते ते आडून. नासिर खुसरो अकराव्या शतकात तेथे गेला होता. त्याने सात आणि चौदा मजल्यांची घरे वर्णिली आहेत, शिवाय सातव्या मजल्यावर बाग फुलवून तिथे वासरू चढवणारा आणि पुढे त्याच बैलाकडून रहाट फिरवून घेणारा एक गृहस्थही. खतपत्रांतले घर वेगळे असते. त्याचे 24 भाग मानलेले असतात आणि त्यांतले दोन, चार, कधी एखाद्या भागाचाही अंश विकला किंवा लेकीला दिला जातो. कोकणातल्या सामाईक घराच्या वाटण्या पाहिलेल्यांना यावर भाष्य नको. फातिमी दरबारचे हुकूमही येथे सापडतात, ते मात्र कापलेल्या अवस्थेत. राजाज्ञेच्या दोन ओळींमध्ये ऐसपैस जागा सोडण्याची तेव्हा रीत होती. त्या कोऱ्या जागेत नंतर कोणीतरी प्रार्थना उतरवून घेतलेल्या आहेत. कागद महाग असला की राजवैभवाचा उपयोग असाही होतो.

आम्ही सर्वांत जास्त काळ रेंगाळलो ते एका पत्रापाशी. सुमारे 1170मधले हे पत्र मोझेस मायमोनिडीस या तत्त्वज्ञाला त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड याने तांबड्या समुद्रावरील ऐधाब बंदरातून लिहिले आहे. काफिल्याची चुकामूक झाल्यामुळे एकाच सोबत्यासह त्याने वाळवंट पार केले. मागाहून कळले की काफिलाच लुटला गेला होता. ऐधाबला घेण्याजोगा माल नाही, म्हणून तो आता हिंदुस्थानाकडे निघाला आहे. मागे राहिलेल्या पत्नीला धीर द्या, वाळवंटातून ज्याने तारले तो समुद्रातही तारील, असे तो घाईघाईने कळवतो. डेव्हिड हिंदी महासागरात बुडाला. हे पत्र त्याच प्रवासातले असावे असे मानतात. त्याच्यापाशी स्वतःचा, भावाचा आणि इतरांचाही पैसा होता. विधवा आणि लहान मुलगी मायमोनिडीसच्या आश्रयाला राहिली, आणि आपण वर्षभर अंथरुणाला खिळून होतो, असे त्याने बऱ्याच वर्षांनी एका स्नेह्याला लिहिले.

हे पत्र गेले ते फुस्तातला. जळून गेल्याचे आम्ही पाठ केले होते त्याच फुस्तातला, आगीनंतर. मायमोनिडीस तेथेच 1204पर्यंत राहिला, आणि गेनिझातले पुढच्या काळातले कागद पुष्कळ आहेत. मक्रीझी खोटे बोलतो असे नव्हे. शहर जळते तेव्हाही त्यातली काही दारे उघडी राहतात, आणि ती बखरीत येत नाहीत.

संग्रहालाही आपले अंधत्व आहे. येथे मुसलमान आणि कॉप्ट दिसतात ते ज्यू शेजाऱ्यांच्या लिखाणातून. कोठडीतली पाने केंब्रिज, ऑक्सफर्ड, न्यूयॉर्क, सेंट पीटर्सबर्ग अशी पांगली आहेत. अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याने बाराव्या शतकात मंगळूरला कितीतरी वर्षे काढली. अमिताव घोष यांच्या 1992मधल्या पुस्तकामुळे त्याचे नाव आपल्याकडे परिचित आहे. एडनचे मित्र त्याला भेट म्हणून कागद पाठवीत, आणि त्यांची काही पत्रे केंब्रिजमध्ये आहेत. 1132मध्ये त्याने आशू नावाच्या दासीला मुक्त केल्याचा लेख मात्र सेंट पीटर्सबर्गमध्ये. आशूने स्वतः लिहिलेली एकही ओळ कोठेही नाही. आमची सूची तयार होती. तिच्या नावापुढे एवढीच एक नोंद पडली.

अक्षरे शिकलेली मैत्रीण पत्रांच्या पाठीवरच्या पत्त्यांत 'फुस्तात' शोधत होती. पहिल्या काही पत्रांत तिला ते मिळाले नाही. तिने जुळवलेला पहिला शब्द होता 'मिस्र'. तिथले लोक आपल्या शहराला त्या नावाने हाक मारीत.