शेजारच्या शिवारातील सहनशील प्रीती

महोत्सवाच्या प्रसंगी देवळाचा पाया कोणी घातला, घंटा कोणी दिली, वर्गणी किती जमली, याची नोंद करण्याचा प्रघात आहे. आणि तो योग्यच होय. परंतु ख्रिस्ती जीवनाचा आणखी एक इतिहास असतो, जो दगडावर कोरला जात नाही. तो स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या उशाशी आणि रुसलेल्या मुलाची समजूत घालताना घडत असतो. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीतीची लक्षणे सांगताना सहनशीलता व दयाळूपणा यांनाच आरंभी स्थान दिले आहे. या क्रमाचे मर्म जाणून घेण्यास आम्हां खुटबावकरांस दूर जावयास नको.

पुणे-दौंड लोहमार्गावर खुटबावच्या पुढचे स्थानक केडगाव. तेथील मुक्ती सदन पंडिता रमाबाईंनी उभारले. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, हे आरंभीच सांगितले पाहिजे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, तो अँग्लिकन पंथात. तथापि शेजाऱ्याचे पीक जोमदार आले असता ते पाहताना कोणी बांध आड आणीत नाही.

बाप्तिस्म्यापूर्वी वाँटेजच्या धर्मभगिनींनी रमाबाईंस लंडनजवळील फुलम येथील आपला आश्रम दाखविला. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांस या भगिनी तेथे मायेने वागवीत. हे कशाच्या बळावर, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांस प्रभू येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखविण्यात आली. शास्त्रार्थात निपुण असलेल्या या विदुषीचे मन वळण्यास आरंभ झाला तो वादविवादाने नव्हे, तर डोळ्यांनी पाहिलेल्या सेवेने.

पुढे धर्ममत, आज्ञापालन व विवेकस्वातंत्र्य यांविषयी रमाबाई आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्यात तीव्र मतभेद झाले. पत्रांतून कठोर शब्दही गेले. परंतु त्या सिस्टरने ती पत्रे फेकून दिली नाहीत. जपून ठेविली, त्यांचा संग्रह सिद्ध केला, आणि १९७७ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मत न पटताही नाते न तोडणे, हीदेखील सहनशील प्रीतीच होय.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या. स्वतःच्या तरुणपणी दुष्काळातच त्यांनी आईबाप व बहीण गमाविली होती. त्यामुळे भूक त्यांस ऐकीव नव्हती. तेथून त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणिल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगचे निर्बंध होते; म्हणून केडगावच्या जमिनीवर निवारे उभे राहिले. १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजाराच्या पुढे गेली.

वाचकहो, या मुली उपकाराची जाणीव ठेवून हात जोडीत आल्या, असे समजू नये. कित्येकींच्या अंगावर क्षते होती. उपासमारीने कोणास चोरीची सवय लागली होती, कोणास भांडणाची. आपणांस खाऊपिऊ घालून पुढे आपले तेल काढतील, अशी अफवाही त्यांच्यात पसरली होती. ज्या हाताने घास भरवावा त्याच हाताचा संशय घेतला जात होता! अशा वेळी रागावणे किती सोपे! परंतु शारदा सदनातील जुन्या मुलींपैकी काहींनी या नव्या मुलींस न्हाऊमाखू घालणे, त्यांची क्षते धुणे व त्यांस अक्षरे शिकविणे ही कामे अंगावर घेतली. संशय उपदेशाने गेला नाही. रोज वेळेवर मिळणाऱ्या भाकरीने तो हळूहळू विरला. पुढे पतित स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, आंधळ्यांसाठी शिक्षणाची सोय झाली, आणि शेती, विणकाम व छापखाना यांत बाया स्वतः राबू लागल्या.

रमाबाईंस ऐकू कमी येत असे. त्याच कारणाने त्यांचा वैद्यकी शिकण्याचा संकल्प सुटला होता. तरी इब्री व ग्रीक भाषांवरून, साध्या बायकांस समजेल अशा मराठीत, संपूर्ण बायबल उतरविण्याचे काम त्यांनी कित्येक वर्षे चालविले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमाबाई गेली. तरी लेखणी थांबली नाही. काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आमच्यापैकी फारच थोड्यांवर शेकडो अनाथांचा भार पडेल. परंतु तीच तीच गोष्ट दहादा विचारणारी वृद्ध सासू, बांधावरून भांडणारा भाऊ, केलेल्या मदतीत खोट काढणारा शेजारी, हे आम्हां सर्वांच्या वाट्यास येतात. प्रीतीची कसोटी लागते ती आभार मानणाऱ्यापाशी नव्हे, संशय घेणाऱ्यापाशी. आज त्याने आपला घास नाकारला, तर उद्या तो पुन्हा पुढे करावा. त्यात त्रागा नसावा आणि उपकाराची आठवणही नसावी. पुढील महोत्सवापर्यंत आमच्या घरांतून एवढे जरी घडले, तरी देवळाच्या भिंतींना शोभेल असा इतिहास आम्ही मागे ठेविला, असे म्हणता येईल. त्यासाठी लागणारे धैर्य प्रभू आम्हां सर्वांस देवो.